बादलीत नुसतं पाणी

“तोंड उघड बघू.” लहानपणी साखरेचा डबा हलका झाला की आई असं म्हणे. त्या दटावणीत हसू दडलेलं असे, दुधावरच्या सायीसारखं.

ताईच्या आवाजात ते नव्हतं. दवाखान्याच्या व्यायामाच्या हॉलमध्ये, चारचौघांत, तिने धाकट्या बहिणीची हनुवटी वर केली आणि तिच्या ओठांना नाक लावून हुंगलं. ताईच्या मानेवरचा घाम धाकटीच्या गालाला चिकटला. तिला शिसारी आली.

“काल रात्री काय हाणलंस?”

“काही नाही गं.”

“मग गोळी तीच, चालणं तेच, तरी माझा दम वाढतो अन् तुझा का नाही? अंगचोर कुठली.”

“धाड पडली वाटतं,” सायकलवरचे आजोबा खुदकन हसले.

व्यायाम घेणाऱ्या बाई खाली मान घालून उगाच एका यंत्राची कळ पिळत राहिल्या.

धाकटी पुन्हा चालायच्या यंत्राच्या पट्ट्यावर चढली. कोलेस्टेरॉलची गोळी दोघींना एकाच दिवशी सुरू झाली होती. डॉक्टरांशी बोलायला ताईच आत जाई. ही बाहेर बाकावर पर्स सांभाळत बसे. ताईचे टोमणे चुकावेत म्हणून हल्ली तिने रात्रीचं जेवणही सोडलं होतं. समोरच्या दांडीवर ताईचा ओला नॅपकिन लोंबत होता, आंबूस. पट्टा सरकू लागला. तोंडावर हात दाबून ती खाली उतरली. तिने कशीबशी कोपऱ्यातली बादली गाठली.

बादलीत नुसतं पाणी पडलं.

ताई लगबगीने आली. पाठीवर हात फिरवायला नव्हे. गुडघ्यांवर हात टेकून ती बादलीत डोकावली. काय काय निघालं, ते बघायला.

बाईंनी बादली पायाने मागे सारली. ताईकडे पाहिलंही नाही. धाकटीला धरून खाली बसवलं, तिचं तोंड पुसलं.

“मावशी, तुमच्या रक्ताची ती जनुकांची तपासणी झाली ना, तिचं उत्तर आलंय. ही गोळी चालू असताना व्यायामाने काहींचा दम वाढतो, काहींचा फारसा नाही. तुमची घडण त्या दुसऱ्या गटातली. यात तुमची काही चूक नाही. गोळी बदलून बघू, म्हणाले डॉक्टर.”

“कधी म्हणाले?”

“मागच्या महिन्यात.”

“मला नाही कुणी सांगितलं.”

बाईंनी घडी घातलेला रुमाल उलगडला, पुन्हा घडी घातली.

“ताईंना सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी तिथंच उभी होते.”