कुमुदिनीला युरिया

पिकाला खत घालू नको, असं चुडामणला उभ्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. कपाशी, केळी, कांदा. ज्याला दिलं ते तरारून आलं. मग अंगणातल्या टपातली नखाएवढ्या पांढऱ्या फुलांची कुमुदिनी काय आभाळातून पडली होती?

दोंडाईच्याजवळ त्याच्या बायकोच्या, दिपमालाच्या, माहेरचं तळं बुजवून प्लॉट पाडले, तेव्हा तिने एक रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. आई गेली, तळं गेलं, उरलं एवढंच. रत्नाच्या, म्हणजे लेकीच्या, बाळंतपणाला धुळ्याला जाताना ती एसटीच्या पायरीवरूनही बजावत होती, "टपले ऊन लागू द्या, पानी हलावू नका. टपना तळले काळी माटी शे, तीच बस. खत टाकू नका!"

चुडामणने मान डोलावली. पुढे पानं जराशी पिवळी दिसली आणि त्याने मूठभर युरिया टाकला. शेतकऱ्याचा हात तो, गप्प कसा बसेल?

थोड्याच दिवसांत पाण्यावर हिरवी साय धरली, पानं कुजली, अंगणात वास सुटला. दिपमाला रोज फोनवर विचारायची, "फूल उनं का?" हा म्हणायचा, "उनं ना!" रोज एक फूल जास्तच आलंय म्हणून सांगायचा. शेवटी वास सोसेना, तेव्हा त्याने मागच्या दारी टाकीचं पाणी ठिबकतं तिथल्या चिखलात टप उपडा केला आणि डोक्याला हात लावून बसला. सासू वारली तेव्हाही त्याला इतकं भरून आलं नव्हतं.

बारसं उरकून दिपमाला परत यायच्या दिवशी तो टप घासायला मागे गेला. तिथे चिखलात चिकटलेल्या एका जुन्या पानाच्या देठाशी पांढरी मुळं फुटली होती. दोन कोवळी पानं होती आणि मध्ये झालरीच्या पाकळ्यांचं एक फूल. चुडामण वाकून बघतच राहिला. डोळे पुसतोय तोच फाटक वाजलं.

अंगणातली रिकामी जागा पाहून दिपमालाचा चेहरा उतरला. थाप मारायची होती, पण त्याची जीभच उचलेना. तिचा हात धरून त्याने तिला मागे नेलं. "मी युरिया टाकं. फोनवर बठ्ठं खोटं बोलनू."

ती उकिडवी बसली. फुलाला बोट लावलं.

"मनी माय तळाना काठले चिखलमा पान खोचे," ती म्हणाली. "म्हने, फेकशी तठे जगी जाई. मीच कुमुदिनीले टपमा कोंडी ठेवं." मग पदराने डोळे पुसत ती हसली.

"हाई आठे चिखलमाच राहू द्या. एक पान रत्नाले धाडू," ती उठत म्हणाली. "नि फोनवर जितला फूलं सांगात, तितला येत नहीं तोवर युरियाले हात लावू नका!"