ब्रेकबाईंचा डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. मोटरसायकलवरून लांबच्या सफरीला जाणारी माणसं घालतात ना, घोट्याच्या वर चढणारे, जाड तळव्याचे, तसला. आणि हो, मी डावा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या वाट्याला आलेली सगळी उपेक्षा आणि सगळा मान या एकाच गोष्टीमुळे आला.

माझा जन्म शिलाईयंत्रांच्या खडखडाटात झाला. एका लांबलचक शेडमध्ये चामडं कापणाऱ्या बाईंनी माझे आणि माझ्या जुळ्या भावाचे, म्हणजे उजव्याचे, तुकडे एकाच कातड्यातून कापले. घोट्याच्या दोन्ही बाजूंना आतून कडक वाट्या बसवल्या. पाणी आत शिरू नये म्हणून वेगळं अस्तर लावलं. ओल्या रस्त्यावर पाय टेकला तरी घसरू नये म्हणून तळव्याला खोल खाचा पाडल्या. आम्हाला लेस नाही, बाजूला चेन आहे आणि चेनवर घट्ट बसणारा पट्टा. सगळ्यात शेवटी माझ्या चवड्यावर चामड्याची एक जादा पट्टी शिवली. मोटरसायकलचा गिअर डाव्या पायाने वर उचलायचा असतो, त्यात चामडं घासून फाटू नये म्हणून ही पट्टी. उजव्याला ती मिळाली नाही. तो तोंड पाडून बसला, आणि मला, खरं सांगतो, जरा मजाच वाटली.

पण माझी मजा फार टिकली नाही. ज्या दुकानात आम्ही गेलो, तिथे नमुना म्हणून जोडीतला एकच बूट फळीवर मांडायचे, आणि तो उजवा. मी आपला खोक्यात, कागदाखाली, अंधारात. येणारेजाणारे उजव्याला हातात घ्यायचे, वाहवा करायचे. मला फक्त आवाज ऐकू यायचे. चिडचिड होणार नाही तर काय होणार?

एके दिवशी दुकानात एक खणखणीत आवाज घुसला. "बूट दाखवा. मजबूत हवेत. आणि लवकर दाखवा, माझी शिकणारी माणसं गाडीत बसून घाम पुसतायत."

या होत्या ब्रेकबाई. त्या लोकांना मोटार चालवायला शिकवायच्या. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक असतो, त्यावर त्यांचा उजवा पाय कायम तयार. समोर मांजर दिसलं की "ब्रेक!", वळण दिसलं की "ब्रेक!" म्हणून शिकणाऱ्यांनी हे नाव ठेवलं होतं. माझा उजवा पाय म्हणजे माझी भाकरी, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. आणि डावा? "तो माझा पेन्शनर. नुसता बसून खातो."

बाईंच्या मागोमाग त्यांची मुलगी आत आली. बाई तिला चिमणी म्हणायच्या. चिमणीला लांबच्या शहरात नोकरी लागली होती आणि थोड्याच दिवसांत ती घर सोडून जाणार होती. घरात या दोघीच. जाण्याआधी मायलेकींनी आपापल्या मोटरसायकलवरून समुद्राकाठच्या दीपगृहापर्यंत जायचं ठरवलं होतं. चिमणी लहान असताना बाईंनी तिला तसं कबूल केलं होतं आणि मग गाडी शिकवण्याच्या धबडग्यात ते राहूनच गेलं होतं. आता नाही तर मग केव्हा, अशी वेळ आली होती.

बूट घ्यायचं कारणही तसंच होतं. आदल्या आठवड्यात बाई कापडी बूट घालून मोटरसायकल चालवत होत्या. सिग्नलला थांबल्या, आणि डाव्या बुटाची लेस गिअरच्या दांडीत अडकली. पाय खाली टेकताच येईना. भर चौकात बाई गाडीसकट हळूच आडव्या झाल्या. मागच्या रिक्षातून त्यांचाच एक जुना विद्यार्थी ओरडला, "बाई, ब्रेक!" बाईंनी त्याचं नाव कायमचं लक्षात ठेवलं आहे. त्या दिवसापासून चिमणीने हट्ट धरला होता की धड बूट आल्याशिवाय कुठेही निघायचं नाही.

दुकानदारकाका बोलके होते. "ताई, संध्याकाळी आलात ते बरं केलंत. दिवसभरात पाय जरा फुगतो, तेव्हाच मापाचा अंदाज खरा येतो. सफरीत घालणार ते जाड मोजे घाला, दोन्ही बूट चढवा, थोडं चाला, उकिडवं बसून बघा. बोटं हलायला हवीत आणि टाच उचलायला नको."

बाईंनी फळीवरचा उजवा घेतला, पायात घातला आणि जमिनीवर दोनदा जोरात दाबला. जणू समोर मांजर आलं होतं. "ब्रेक मस्त लागतोय. बांधून द्या."

"अहो, डावाही घालून बघा की," काका माझ्या खोक्याकडे हात नेत म्हणाले.

"काका, दोन्ही पाय माझेच आहेत. एक काय शेजारणीचा आहे का?"

चिमणी म्हणाली, "आई, घाल ना. अगं, गिअर डाव्या पायानेच टाकायचाय."

"मला गिअर शिकवतेस?" बाईंचा आवाज चढला. झालं. काकांनी दोरी आणली. आता तुम्हीच सांगा मित्रांनो, लेस अडकली डाव्या पायाची आणि बूट बघितला उजव्या पायाचा! मी खोक्यात नुसता धुमसत होतो.

घरी आल्यावर तरी काढतील म्हटलं, पण बाईंनी आम्हाला कपाटावर ठेवलं. चिमणी रोज म्हणायची, आई, घरात घालून थोडी फिर, चामडं पायाच्या वळणावर बसू दे. बाईंचं एकच उत्तर, "सफरीचे बूट सफरीला. उगाच झिजवायचे कशाला?" रोज शिकणाऱ्यांना त्या बजावायच्या, मोकळ्या मैदानावर हात बसल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही. स्वतःच्या पायांना मात्र त्यांनी मैदान दाखवलंच नाही.

निघायचा दिवस उजाडला. बाईंनी उजवा घातला, तो सुर्रकन आत गेला. मग पहिल्यांदाच मी त्यांच्या डाव्या पायाला भेटलो. तो पाय उजव्यापेक्षा चांगलाच रुंद होता! पुष्कळ माणसांचे दोन्ही पाय अगदी सारखे नसतात. बाईंनी जन्मभर मोकळ्या चपला वापरल्या, त्यामुळे त्यांना हे कधी कळलंच नव्हतं. त्यांनी दात आवळून पाय आत कोंबला आणि चेन ओढली.

"बरोबर बसतोय ना?" चिमणीने विचारलं.

"एकदम झकास," बाई म्हणाल्या. इतकं धडधडीत खोटं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पहिला दिवस कसाबसा निभावला. दुसऱ्या दिवशी डोंगराचा रस्ता सुरू झाला. वळण आलं की गिअर बदलायचा, चढ आला की बदलायचा, आणि दर वेळी मी त्या बिचाऱ्या करंगळीला चिरडत होतो. माझा इलाज नव्हता, चामडं काय मनाने सैल होतं? शेवटी बाईंनी गिअर बदलणंच सोडून दिलं. चढावर इंजिन धापा टाकू लागलं. एका वळणावर रस्त्यात खडी पसरली होती. गाडी अडखळली, बंद पडली आणि डाव्या अंगाला कलंडली. सगळं वजन आलं ते माझ्यावर.

मित्रांनो, त्या क्षणी मी एवढंच जाणलं की आत एक पाय आहे आणि तो माझ्या हवाली आहे. घोट्याच्या वाट्या ताठ राहिल्या. बाहेरच्या अंगाने मी खडीवर खरवडत गेलो, पट्टा तुटायला आला, पण मी दबलो नाही.

चिमणी गाडी टाकून धावत आली. दोघींनी मिळून मोटरसायकल उचलली. चिमणीने मला हलक्या हाताने काढलं. घोटा शाबूत होता. साधं खरचटलंही नव्हतं. पण करंगळी लाल झाली होती आणि तिच्यावर टपोरा फोड आला होता.

"हे खडीने झालेलं नाही," चिमणी म्हणाली. "कधीपासून दुखतंय?"

बाईंनी पाय मागे ओढून घेतला. मग म्हणाल्या, "कालपासून. माझ्याकडे चपला आहेत. चपला घालून जाते, उद्या संध्याकाळी पोचू."

चिमणीने मला उचललं आणि माझी बाहेरची बाजू त्यांच्यासमोर धरली. चामडं घोट्यावर पांढरं पडेपर्यंत सोललं गेलं होतं. "चप्पल असती तर हे सगळं तुझ्या पायाचं झालं असतं. आई, दीपगृह राहू दे. ते काय कुठे पळून जातंय?"

"ते नाही जात गं," बाई म्हणाल्या आणि त्यांचा तो खणखणीत आवाज एकदम बसला. "पण तू चाललीस ना."

चिमणी आईच्या शेजारी खडीतच बसली, तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. "मग नीट ऐक. उद्या फोडाला आराम. दीपगृह परवा. वाटेतलं बाकीचं सगळं रद्द. आणि बूट मी सांगेन तसा घालायचा."

"बरं," बाई म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

घाटाखालच्या लॉजवर माझ्यावर उपचार झाले. चिमणीने माझ्या आतला सुटा तळवा काढून टाकला, तेवढी जागा वाढली. डाव्या पायाला जाडाऐवजी पातळ मोजा दिला, फोडावर मऊ पट्टी लावली. रात्रभर माझ्या पोटात ओल्या कागदांचे गोळे ठासून ठेवले, म्हणजे चामडं ताणलं जाईल. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिने बाईंना लॉजच्या अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. दमल्या की बसायचं, परत उठायचं. स्वतः पायरीवर बसून ओरडत होती, "सावकाश! टाच टेक! घाई कोण करतंय? ब्रेक!"

"मला ब्रेक म्हणतेस?" बाईंनी डोळे वटारले आणि मग त्यांना असं हसू फुटलं की भिंतीला टेकावं लागलं. चालता चालता मीही हळूहळू सैलावलो. संध्याकाळपर्यंत करंगळीने माझ्याशी दोस्ती केली होती.

सफरीच्या चौथ्या दिवशी आम्ही दीपगृहाला पोचलो. प्रत्येक वळणावर माझ्या पट्टीने गिअर टक्कन उचलला जात होता. दीपगृहाच्या गोल गोल पायऱ्याही आम्हीच चढलो. चांगल्या बुटाला गाडीवर बसता यायला हवं तसं चालताही यायला हवं, हे विसरू नका. वर वारा भन्नाट होता. बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चिमणे, उशीर झाला मला."

"पोचलीस ना," चिमणी म्हणाली.

घरी परतल्यावर चिमणी आपल्या गाडीवरून नोकरीच्या गावी निघून गेली, आणि बाईंनी आम्हाला कपाटात ठेवून दार लावलं. मी रुसलो नाही, बाईंचं मन मला कळत होतं. आम्हाला बघितलं की त्यांना रडू यायचं. पण मित्रांनो, सफरीत ओलसर झालेले बूट न वाळवता बंद कपाटात ठेवले की काय होतं, ठाऊक आहे? माझ्यावर हिरवट बुरशी चढली. चामडं कडक झालं, पट्ट्याला चिरा गेल्या. उजव्याचीही तीच गत. बाहेर अधूनमधून फोन वाजायचा आणि बाई दर वेळी तेच विचारायच्या, "तू कधी येतेस?" पलीकडून बहुधा सुट्टी नसल्याचं उत्तर यायचं, कारण नंतर घर फार शांत व्हायचं.

मग एका सकाळी फोन संपल्यावर त्या शांत बसल्या नाहीत. तरातरा चालत आल्या, कपाट उघडलं आणि मला बाहेर काढून किंचाळल्या, "अगं बाई! काय अवस्था केली मी याची!"

त्यांनी ओल्या फडक्याने बुरशी पुसली. आम्हाला उन्हात नाही, सावलीत वाळवलं. मग बोटांनी मेण चोळलं, शिवणीशिवणीतून. चांभारदादांकडून तळवे नवे करून आणले, पट्टा बदलला. घोट्यावरचा खरवडलेला डाग मात्र त्यांनी चांभारदादांना झाकू दिला नाही. "तो राहू द्या," त्या म्हणाल्या, "तो माझ्या पायाच्या बदल्यात आहे." मित्रांनो, इतकी मोठी शाबासकी उजव्याला अजून मिळालेली नाही. मी त्याला रोज आठवण करून देतो.

त्यानंतर रोज संध्याकाळी बाई आम्हाला घालून गल्लीत फिरू लागल्या. शिकणारी मुलं विचारायची, बाई, कुठे निघालात? बाई म्हणायच्या, "मैदानावर हात बसवतेय. आपलं, पाय."

आज पहाटे त्यांनी मोटरसायकलला बॅग बांधली आणि चिमणीला फोन लावला.

"तुला सुट्टी नाही ना? राहू दे. मीच येतेय."

पलीकडे चिमणी एवढ्या मोठ्याने ओरडली की मलाही ऐकू आलं. "आई! एकटी?"

"एकटी कशी? दोघं आहेत की सोबत," बाई म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

माझी विनंती एवढीच आहे मित्रांनो. बूट घेताना दोन्ही पायांना विचारा, घाई करू नका. घेतल्यावर आम्हाला पुसा, वाळवा, मेण लावा. आणि कपाटात कोंडू नका, आम्ही रस्त्यासाठी जन्मलो आहोत. आता मला जायला हवं. बाईंनी हात पुढे केला आहे. उजवा सवयीने पुढे सरसावला होता, पण त्यांनी त्याला बाजूला सारून मला उचललं.

"चल रे पेन्शनर," त्या म्हणाल्या, "आधी तू."