सुतारकाकांच्या अंगणातला कायदेशीर खड्डा

मी खड्डा बोलतोय. नाक मुरडू नका. भर रस्त्यात आडवा येऊन लोकांच्या कंबरा मोडणारा जो असतो, तो माझा कोणी लागत नाही. मी कायदेशीर खड्डा आहे. माझा नकाशा आहे, नकाशावर शिक्का आहे, आणि मला कुणी बुजवलं तर त्याला दंड आहे. सांगा बरं, तुमच्या गल्लीत इतका मान किती जणांना आहे?

माझा मुक्काम सुतारकाकांच्या अंगणाच्या कोपऱ्यात. एका अंगाला काकांचा कारखाना, दुसऱ्या अंगाला कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे जरा खोलगटात शिवणवाल्या ताईंची भाड्याची खोली. दिवसभर उताणं पडून राहायचं, त्यामुळे दोन्हीकडचं सगळं माझ्या कानावर येतं. मुद्दाम ऐकतो असं नाही. पण कान झाकायला मला हात कुठे आहेत?

माझ्या जन्माआधीची हकिकत मला मातीनं सांगितली. माती भारी बोलकी. ती म्हणाली, पूर्वी हे सगळं अंगण तिचं होतं. पाऊस आला की ती निवांत पीत बसायची. चिखल व्हायचा, फळ्या घेऊन येणारा ट्रक रुतायचा, चार माणसं ढकलायला लागायची, पण ताईंच्या खोलीत कधी थेंब गेला नाही. तेव्हा ताई आणि काकू, म्हणजे काकांची बायको, या भिंतीवर कोपर टेकून तासन्‌तास बोलायच्या. डाळ निवडताना एक सूप भिंतीच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला.

मग काकांनी अंगणाला कोबा केला. काका म्हणजे फार टापटिपीचा माणूस. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कपाटाच्या सांध्यात केससुद्धा शिरणार नाही. अंगणाचंही त्यांनी तसंच केलं. पाणसळ लावून असा उतार काढला की एक थेंब अंगणात थांबू नये. आणि थांबला नाहीच. सगळं पाणी भुसा, पॉलिश, धूळ अंगावर घेऊन भिंतीखालच्या फटीतून थेट ताईंच्या खोलीत गेलं.

खोलीत शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे होते. पांढरे सदरे पार तपकिरी झाले. ताईंनी एक सदरा आणून भिंतीवर पसरला.

"भावजी, तुमचं अंगण कोरडं झालं आणि माझं घर ओलं."

"पाणी माझं आहे का ताई? आभाळाचं आहे. मी काय आभाळाला झाकण लावू?"

"झाकण जमिनीला लावलंत ना, तेच काढा."

झालं. सुपं आत गेली, भिंत नुसती भिंत राहिली. काकू अधूनमधून पलीकडे बघायची आणि मग उगाच कपडे वाळत घालायची. वाळलेलेच कपडे.

त्याच सुमाराला राज्यात नवा कायदा झाला. पावसाच्या पाण्याचा कायदा. तो समजावायला आणि अंगणं मोजायला एक तपासणीबाई आल्या. पायात गमबूट, खांद्याला पिशवी, आवाज मात्र मऊ. काकांनी त्यांनाही आभाळाची गोष्ट ऐकवली.

बाई म्हणाल्या, "पडेपर्यंत आभाळाचं, काका. तुमच्या कोब्यावर पडलं की तुमचं. आता कायदाच तसा आहे. ज्यानं जमीन झाकली, त्यानं तिथला पाऊस आपल्या हद्दीत थांबवायचा, मातीतून गाळायचा, मगच सोडायचा."

"आणि गटारं कशाला बांधलीत मग?"

"पावसाळी गटाराला कुठेही गाळणी नसते. तुमच्या पॉलिशचं पाणी इथून निघालं की सरळ नदीत. आणि नदीचं पाणी कुठे येतं, ते तुमच्या नळाला विचारा."

बाईंनी कोपऱ्यात खडूनं एक गोल काढला. तो गोल म्हणजे मी. इथे खड्डा करा, नाहीतर सगळा कोबा फोडावा लागेल, असं सांगून त्या गेल्या.

असा मी जन्मलो. कुदळ लागली, कोबा निघाला, आणि खालच्या मातीनं मला पोटाशी घेतलं. ओबडधोबड होतो, पण खूश होतो. अंगाला गारवा लागत होता, मुळं गुदगुल्या करत होती. पाऊस कधी येतो आणि मी कधी पितो, असं झालं होतं.

पण काकांना माझं रूप बघवेना. सारखे कारखान्याच्या दारात येऊन माझ्याकडे बघायचे आणि जीभ टाळूला लावून च्‌ च्‌ करायचे. शेवटी त्यांनी सिमेंट कालवलं. तळाला गिलावा, बाजूंना गिलावा, वर कडेला गोल घोटाई. एक दिवस वाळवला, वर निळा रंग दिला. आल्यागेल्याला दाखवायचे. "बघा, खड्डा असला तरी आपल्या घरचा आहे." लोक वाकून बघायचे, वा वा करायचे. मी आतून गुदमरलो होतो. कौतुक होत असताना तक्रार करायची तरी कशी? कामगार संध्याकाळी माझ्यात पॉलिशचे ब्रश खळबळायला लागले. तेही मी गिळलं, म्हणजे गिळलं नाही, तोंडात धरून ठेवलं.

मग पाऊस आला. मी भरलो, काठोकाठ झालो, आणि प्यायला घसाच नाही. सगळं पाणी, त्यात ते पॉलिशही, भिंतीखालून पुन्हा ताईंकडे.

या वेळी ताई भांडल्या नाहीत. पदर खोचून त्या भिंतीला वळसा घालून अंगणात आल्या, हातात बादली. वाकून माझ्यातलं पाणी उपसायला लागल्या. बादली भरायची, रस्त्यापर्यंत न्यायची, ओतायची. काका दारात उभे. काकू धावत दुसरी बादली घेऊन आली, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "वहिनी, मी पलीकडच्या आळीत खोली बघितलीये. वरच्या मजल्यावर. पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा पाणी आलं तर मी जाते. गणवेशांचं काम एकदा हातचं गेलं की मला परत कोण देणार?"

काकूनं बादली खाली ठेवली. काकांकडे तिनं असं बघितलं की मला वाटलं, बरं झालं आपण खड्डा आहोत, नवरा नाही.

तपासणीबाई पुन्हा आल्या. मला बघितलं आणि तोंडावर हात ठेवून हसल्या.

"काका, हा हौद झाला. मी खड्डा सांगितला होता."

काकांचा चेहरा उतरला. "बाई, मी जन्मात गळकी वस्तू केली नाही. माझ्या बापानं केली नाही."

"पण मला गळकीच हवी आहे. खाली खडी, वर वाळू, वर माती, मातीत पाणी सोसणारं गवत. पाणी यावं, थांबावं, हळूहळू खाली जावं. कायद्याला तुमचा खड्डा देखणा नको, तहानलेला हवा."

"आणि ब्रश?" काकूनं मध्येच विचारलं. काकांनी तिच्यावर डोळे वटारले. पण बाईंनी ऐकलं होतं. ब्रशांचं पाणी डब्यात साठवायचं, इथे एक थेंब नाही, असं ठणकावून गेल्या.

दुपारभर काका रंधा मारत राहिले. फळी केव्हाच गुळगुळीत झाली होती, तरी मारत राहिले. काकूनं चहा ठेवला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही दार घट्ट करता ते माणसानं आत सुखानं राहावं म्हणून. इथे घट्ट केलंत आणि माणूस निघालंय घर सोडून."

चहा तसाच राहिला. काका उठले, छिन्नी-हातोडा घेतला आणि माझ्यात उतरले. पहिला घाव बसला तेव्हा कळ आली, खोटं कशाला बोलू. पण त्यांनाही येत होती. स्वतः घोटलेली कड फोडताना प्रत्येक घावाला डोळे मिटत होते. तळाचा गिलावा सुटला आणि मातीचा वास वर आला. इतक्या दिवसांनी मी श्वास घेतला.

आवाज ऐकून भिंतीवर ताईंचं डोकं वर आलं. "भावजी, बुजवताय की काय?"

"नाही ताई," काका खालूनच म्हणाले. "गळका करतोय."

ताई हसल्या नाहीत, पण डोकंही आत गेलं नाही. माझ्यात डोकावून म्हणाल्या, "अहो, पण सगळं पाणी इथे येणार कसं? तुमचा सगळा उतार माझ्याकडे." काकांनी वर बघितलं, कोब्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीच्या कडेनं चर खोदला आणि त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. खडी आली, वाळू आली, काकूनं गवत लावलं.

मग तो मोठा पाऊस आला. सकाळपासून धरून राहिला. ताईंनी गठ्ठे पलंगावर चढवले, एका ट्रंकेत सामान भरलं आणि छत्री घेऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. या बाजूला काका-काकू, एका पोत्याखाली दोघं. तिघं माझ्याकडे बघत होते. जन्मात माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

चरातून पाणी लोंढ्यानं येत होतं. मी पीत होतो. घोटामागून घोट, दम न घेता. तरी पाणी चढत होतं. गवत बुडालं. काठ दिसेनासा व्हायला आला. माझ्या मनात आलं, संपलं. काकूनं काकांचा दंड धरला. बोटभर काठ उरला आणि पाणी थबकलं. येत होतं तेवढंच खालून जात होतं. बराच वेळ तसंच राहिलं, मग गवताचं एक टोक वर आलं.

ताई वळल्या, आत गेल्या. काकांचं तोंड एवढंसं झालं. आणि मग पलीकडून शिलाई मशीनची खडखड सुरू झाली.

आता माझं असं आहे. माझ्यात दोन बेडूक राहतात, भाडं देत नाहीत. पानं पडतात, ती काकू काढते. भिंतीवर पुन्हा दोन सुपं असतात, आणि दोघींच्या बोलण्यात माझाही विषय निघतो. काकांना मी अजून आवडत नाही. येताजाता माझी एखादी वाकडी कड बघून त्यांचा हात शिवशिवतो, पण ते तो खिशात घालतात.

तुमच्याही अंगणात माझ्यासारखा कुणी असेल, तर एवढंच मागणं आहे. त्याच्यात कचरा टाकू नका, रंग धुऊ नका, आणि प्रेमापोटी त्याला चकचकीत करू नका. त्याला गळू द्या. आमच्या घराण्यात त्यालाच काम म्हणतात.

बघा, आभाळ भरून आलंय. पलीकडे मशीन चालू आहे. मला आता बोलता यायचं नाही, तोंडात पाणी असणार.