लाईनवस्तीचा पूल

मित्रांनो, मी रेल्वेचा एक जुना दगडी पूल आहे, पण रेल्वे मी आजवर पाहिलेली नाही. हसू नका! माझंच डोकं चक्रावून गेलंय.

इंग्रजांच्या काळी पाथरवटांनी मला तिसगावच्या बाजूला एका ओढ्यावर बांधलं. दोन्हीकडं मातीचा भराव टाकला. आता रूळ येणार म्हणून मी ऐटीत उभा राहिलो. आणि काम थांबलं. का थांबलं, ते मला कुणी सांगितलंच नाही. शेजारच्या वस्तीला मात्र ‘लाईनवस्ती’ नाव पडलं ते पडलंच.

त्या नावाला भुलून रंगुबाईच्या वडिलांनी तिला इथं दिली. नवी नवरी सकाळी माझ्या कडेला येऊन उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, “अवं, गाडी किती वाजता जाती?”

तो हसतच सुटला. “आधी रूळ तर येऊ दे!”

रूळ आले नाहीत. माझ्यावरून बैलगाड्या गेल्या, पोरं शाळेत गेली, माझ्या अंगावर बाजरी वाळली. मला बरं वाटायचं. पण मग मी रेल्वेचा की बाजरीचा? अधूनमधून मोजणीवाले येत, रंगाचे बाण काढत आणि जात. मी पुन्हा आशेला लागायचो. वेडाच आहे मी!

गेल्या महिन्यात पुन्हा माणसं आली आणि माझ्या कठड्यावर लाल फुली मारून निघाली. रंगुबाई आता म्हातारी झालीय. ती काठी टेकत आडवी गेली.

“भाऊ, पाडताय का काय ह्याला?”

“आजी, आम्ही फक्त खुणा करतो. वरचे लोक एक तर पाडतील, नाहीतर मजबूत करून वरून गाडी नेतील.”

हे काय उत्तर झालं? मी मरणार की मला गाडी भेटणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगुबाई डिझेलचं फडकं घेऊन आली आणि फुली खसाखसा घासू लागली. नातसून पूजा मागं धावत आली.

“आजी, नका पुसू! गाडी येनार आसंल तर?”

“लगीन होऊन आल्यापासनं येतीच हाय ती! ह्यो पाडला तर पान्यापावसाचं पोरं साळंत कशी जायाची?”

ती घासत राहिली. फुलीची एक रेघ गेली. मला वाटलं, वाचलो. लगेच वाटलं, गेली माझी गाडी! मग तिचा हात थांबला. ती माझ्यावरच बसली आणि भरावाकडं बघत राहिली.

“पूजा, खरंच आली तर गं, किती वाजता जाईल?”

पूजानं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तीही शेजारी बसली.

दुसरी रेघ अजून माझ्या अंगावर आहे. मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही कधी रंगाचा डबा घेऊन आमच्याकडं आलात, तर खुणेचा अर्थ सांगून जा. पाडणार असाल तरी सांगा. रंगुबाई रोज संध्याकाळी येऊन बसते, आणि आम्ही दोघंही त्या रेघेकडं बघत राहतो.