टीव्हीतली शोभा

सगळी अक्कल माझीच. दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

यांचं विसरणं वाढलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरच्यांची नावं सतत कानावर पडू द्या. मी नावं घेत राहायचे, हे भिंतीकडे बघत राहायचे. हसायचे फक्त रविवारी दुपारी. टीव्हीवर एक फ्रेंच कुटुंब यायचं, नाच, गाणी, नकला, नुसता धुडगूस! आई, बाप, दोन पोरं, खट्याळ आजी. बाप खुर्चीवरून पडला की हे टाळ्या पिटायचे. फ्रेंच आम्हा दोघांनाही ओ की ठो कळत नाही आणि खालची इंग्लिश अक्षरं यांना आता वाचता येत नाहीत. मग मीच मराठीत सांगायला लागले, मनाला येईल ते.

"तो बाप म्हणजे तुम्ही बरं का, प्रताप. आणि ती लाल बुटांतली, ती शोभा. तुमची बायको."

"ही शोभा होय? फार बडबडते!"

दोन वर्षांनी माझं नाव यांच्या तोंडून आलं. कोण आनंद झाला म्हणून सांगू!

सिडनीहून लेकीचा, प्रतीक्षाचा फोन आला. "आई, बाबांना कन्फ्यूज करू नकोस हं." मी खेकसलेच तिच्यावर. तिकडे कॅसल हिलला बसून शिकवतेय मला! इथे पॉइंट कुकच्या घरात यांच्याजवळ चोवीस तास मी असते.

पुढे पुढे हे रविवारी सकाळीच दाढी करून बसायला लागले. एकदा शर्टाची बटणं लावायला गेले तर हात झटकला. "लांब व्हा बाई, शोभा बघेल." मी आधी हसले. मग कपडे धुवायच्या खोलीत जाऊन रडले.

गेल्या महिन्यात तो कार्यक्रम बंद झाला. त्या वेळेला आता कुणीतरी केक करतं. तीन रविवार यांनी वाट पाहिली. चौथ्या रविवारी मला समोर बसवलं. "बाई, तुम्ही एवढं करता म्हणून तुम्हाला सांगतो. शोभा गेली."

"अहो, मी आहे ना! मीच शोभा!" मी ओरडले. लग्नाचा फोटो आणून यांच्या हातात दिला.

यांनी फोटो नीट पाहिला, मला परत केला. "यात ती नाही. तुम्हाला वाईट वाटतंय, कळतं मला. पण तिचं पुण्यानुमोदन तर करायला हवं, तिच्या नावाने वंदना म्हणायला हवी. आपल्या माणसाला असं कसं जाऊ द्यायचं?"

पांढरा शर्ट मागितला. मी इस्त्री करून दिला. मेणबत्ती मी बुद्धांच्या मूर्तीपुढे लावत होते, तर म्हणाले, "तिथे नको, इथे." बंद टीव्हीपुढे.

लेकीचं नाव आठवत नाही या माणसाला, पण त्रिसरण, पंचशील घडाघडा म्हटलं, एक शब्द चुकला नाही. मध्येच थांबून माझ्याकडे वळले. डोळे भरले होते.

"तुम्हीही म्हणा, बाई. तिला बरं वाटेल."

मी हात जोडले आणि म्हटलं.