घड्याळवाल्यांचं माप

मी एक कात्री. शिंप्याची, दहा इंची, काळ्या मुठीची. नवख्या हाताला मी वळत नाही. हट्टी म्हणा हवं तर.

भट्टीतून निघाले ती एका शर्ट शिवणाऱ्याकडे आले. त्याची नजर अधू झाली तेव्हा त्यानं मला ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या माडीवर नेऊन दिलं. तिथे समाजाच्या बायका एकत्र बसून शिवायच्या. पवित्र ग्रंथाच्या कपाटाचे पडदे, मुलांच्या नाटकातले अंगरखे आणि गेलेल्या माणसांचे अखेरचे कपडे. हे कपडे सगळ्यांना सारखेच. पांढरे, साधे, दोऱ्याला गाठ नाही, अंगरख्याला खिसा नाही. बरोबर न्यायचं काय, की खिसा लागावा? कापड मी कापायची, आणि तिथे नसलेल्या शेजारणींना त्या बायका.

मला मुख्यतः त्यांच्यातल्या काकू चालवायच्या. साठी उलटलेली, गुडघ्यांनी हैराण, पण रेघ सुतासारखी सरळ. पूर्वी त्यांची नणंदही शेजारी बसायची. तिचा हात काकूंपेक्षा सफाईचा. पण तिचा नवरा गेला, त्याचे कपडे मीच बेतले, आणि त्यानंतर पाच वर्षं ती जिना चढली नाही.

ती चढली एका शुक्रवारी सकाळी. रविवारी तिच्या मुलीचं लग्न होतं. नवरा-नवरीच्या डोक्यावर चार काठ्यांवर धरायचं छत कसरीनं खाल्लेलं निघालं, म्हणून नवं शिवायचं होतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू. मग शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत सुईलासुद्धा हात लावायचा नाही. काकूंनी टेबलावर कापड पसरलं, मला उचललं, आणि नणंदेनं त्यांचं मनगट धरलं.

"हिनं नको, वहिनी. हिनं ह्यांचे कपडे कापलेत."

तिनं रुमालात गुंडाळून घरची कात्री आणली होती.  मला काकूंनी बाजूला ठेवलं, तेही पालथं. ती घरची कात्री भाजीच्या देठांवर वाढलेली. कापड नुसतं चावत होती. इतक्यात खालून राखणदार धापा टाकत वर आला. घड्याळवाले पहाटे इस्पितळात वारले होते.

घड्याळवाले म्हणजे वस्तीतली घड्याळं दुरुस्त करणारे, एकटे गृहस्थ. सगळ्यांच्या वेळा नीट लावून द्यायचे आणि स्वतः प्रार्थनेला रोज उशिरा यायचे. ना बायको, ना पोर, ना भाऊ. शब्बाथच्या आत दफन व्हायला हवं होतं. कपडे तीनच्या आत हवे होते.

काकूंनी कपाट उघडलं. आत एकच तयार जोड होता, तोही ठेंगण्या बाईच्या मापाचा. बाजार त्या दिवशी बंद. पांढरं कापड खोलीत एवढंच होतं, टेबलावर पसरलेलं.

 काकू नणंदेकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, मी मागणार नाही."

नणंद बराच वेळ कापडावरून हात फिरवत राहिली. मग तिनं छताच्या कडेला लावायच्या सोनेरी फितीचं रीळ उचलून पिशवीत टाकलं.

"त्यांचं माप काय?" तिनं विचारलं.

माप कुणालाच ठाऊक नव्हतं. एकट्या माणसाचं माप ठेवणार कोण? इस्पितळ गावाच्या दुसऱ्या टोकाला. आणि कापड जेमतेम. एक काप चुकला तर दुसरा तुकडा नाही. घड्याळात साडेअकरा झाले होते.

मग काकूंना आठवलं, की खालच्या दालनातल्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला घड्याळवाल्यांना कधी स्टूल लागलं नाही. गुडघे विसरून त्या जिना उतरल्या. राखणदाराला घड्याळाखाली उभं केलं, हात वर करायला लावला. त्याची बोटं किल्लीच्या भोकापासून वीतभर खाली राहिली.

"वीतभर," त्या वर येऊन म्हणाल्या.

"मग राखणदाराचं माप घ्या," नणंद म्हणाली. "अर्धी वीत उंचीत सोडू, अर्धी हातात."

आणि तिनं मला उचललं.

 माझी पाती उघडली आणि तशीच राहिली. मला वाटलं, आता ही मला खाली ठेवणार. तिनं डोळे मिटले नाहीत. पहिला काप बसला आणि मग ती थांबलीच नाही. अंगरखा, विजार, वरचा झगा, पट्टा, टोपी. काकू टाके घालत होत्या, ती कापत होती.  पावणेतीनला गठडी खाली गेली.

कपडे चढवणाऱ्या माणसांनी संध्याकाळी निरोप धाडला, की बाही मनगटाला बरोबर बसली. तो ऐकून नणंद जिन्यावरच बसली आणि पाच वर्षांचं रडली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

रविवारी नवऱ्या मुलाची प्रार्थनेची नवी शाल चार काठ्यांना बांधली. तिच्याखाली लग्न लागलं. शाल जरा आखूड होती. दोघांना खेटून उभं राहावं लागलं. त्यावर त्यांची काही तक्रार नव्हती म्हणे.

आता काकूंना दिसत नाही. नणंद मला चालवते. माझा खिळा सैल झालाय, एका पात्याला खाच पडलीय. बायकांच्या मंडळात विजेवर चालणारी कात्री आणायचं घाटतंय. आणा, माझं काही म्हणणं नाही. फक्त मला डब्यांची झाकणं उचकटायला नेऊ नका. एकदा धार लावून बघा. बुधवारी दुपारी मी माडीवरच्या टेबलावर असते. कापड कसलंही असो, घेऊन या.