बाबांची गाडी

जुन्या जर्मन गाड्या विकत घ्यायच्या, त्यांना माणसात आणायचं आणि ऑनलाइन लिलावात पुन्हा विकायच्या, हा माझा धंदा होता. धंदा म्हटलं तरी त्याला दुकान नव्हतं, पाटी नव्हती. घराला लागून एक लांबट शेड होती, तिच्यात एका वेळी दोन गाड्या कशाबशा मावायच्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईला शेडचं दार दिसायचं. लिलावाच्या साइटवर लोक गाडी पाहतात ती फोटोंतून, म्हणून फोटोंवर मी फार मेहनत घ्यायचो. ढगाळ दिवस बघून गाडी बाहेर काढायची, कारण उन्हात रंग खोटं बोलतो. दारांच्या खालच्या कडा, गालिच्याखालचा पत्रा, डिकीत स्टेपनी ठेवायचा खड्डा, जिथे जिथे गंज दडून बसतो तिथले फोटो सगळ्यांत आधी टाकायचे. दोष आपणहून दाखवले की गिऱ्हाईक बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवतं. गंजाच्या बाबतीत मी कधी कुणाला फसवलं नाही.

इंजिनाचं काम पान्या बघायचा. शाळेत असल्यापासून त्याच्या खिशात पाना असायचा म्हणून पान्या. "जर्मन गाडीला आणि सासऱ्याला तब्येत विचारू नये," तो म्हणायचा, "दोघंही सगळं सांगत बसतात."

ती शेवाळी रंगाची मर्सिडीज अशीच लिलावात मिळाली. डिझेल इंजिन, चौकोनी बांधा, आत खाकी रंगाच्या सीट्स. फोटो घाईघाईत, अंधाऱ्या गॅरेजमध्ये काढलेले होते, त्यामुळे माझ्याशिवाय फारसं कुणी बोली लावली नाही. विकणारा दूरच्या गावचा होता. फोनवर त्याचा आवाज दमलेला पण सभ्य वाटला. आईला आणि बहिणीला गाडीचा फार लळा आहे, पण आता पुरे झालं, असं काहीसं तो म्हणाला. गाडी कुठे पाठवायची ते लिहून घेतल्यावर त्यानं विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आई आणि मोठी बहीण."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

गाडी ट्रेलरवरून आली तेव्हा पान्या आणि मी मिळून ती उतरवली. आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि शेडच्या दाराशी उभी राहिली. मी स्टिअरिंगवर बसून चावी फिरवली.

"थांब रे," आई म्हणाली. "आधी तो दिवा विझू दे."

जुन्या डिझेल गाडीत चावी अर्धी फिरवली की समोर एक पिवळा दिवा लागतो. आत पुरेशी ऊब आली की तो विझतो, मगच इंजिन सुरू करायचं. हे मला ठाऊक होतं, पान्याला ठाऊक होतं. आईला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आमच्याकडे कधी गाडी नव्हती. बाबा सायकलवर ऑफिसला जायचे आणि आई कुठेही जायची ती चालत. आमच्या दोघांच्या बोलण्यातून तिच्या कानावर पडलं असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि दिवा विझल्यावर गाडी सुरू केली. पहिल्या धुरासरशी आईनं डोळे मिटून श्वास आत घेतला. देवघराबाहेर तिला असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ताई आली. ताई शाळेत गणित शिकवते आणि नसत्या गोष्टींना तिच्या डोक्यात थारा नसतो. शेडपाशी आल्यावर तिच्या खांद्यावरची पिशवी घसरून खाली पडली तरी तिला कळलं नाही.

"कुठे सापडली ही तुला?" ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "बाबांची गाडी!"

मी हसलो. थट्टा चालली असेल असंच मला वाटलं. "आपल्याकडे गाडी होती कधी?"

ताईनं आईकडे पाहिलं, आईनं ताईकडे. तापात बरळणाऱ्या माणसाच्या अंथरुणाशी दोन बायका एकमेकींकडे पाहतील, तसं.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं वाढलं. एरवी जेवताना तिघांच्या भांड्यांचे तेवढे आवाज व्हायचे. आता आईला ताट पुढ्यात घ्यायचंही भान राहीना. बाबा तळ्यावर घेऊन जायचे, वाटेत गाणी म्हणायचे, मुद्दाम चुकीचे शब्द घालून म्हणायचे, ताईला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरू द्यायचे, एकदा रस्ता चुकले तर रात्री सगळे गाडीतच झोपले आणि बाबांनी आपला कोट आईच्या अंगावर घातला. एकीनं वाक्य सुरू करावं आणि दुसरीनं पुरं करावं. आई हसताना तोंडावर हात धरायची. तिला असं हसताना पाहून मला बरं वाटायला हवं होतं.

मला आठवणारे बाबा गाणी म्हणत नसत. ते ऑफिसातून येत, खुर्चीत बसत, आणि त्यांच्यासमोरून जाताना आम्ही पावलं वाजू देत नसू. पुढे ते आजारी पडले आणि आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर पडून राहिले, आणि त्यांचं सगळं मी केलं. कॉलेज अर्ध्यावर सोडलं ते त्यासाठीच, आणि घरी बसून करता येईल असा धंदा शोधला तोही त्यासाठीच. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठीच्या जखमा धुवायच्या, भरवायचं. त्या काळात ते माझ्याशी जेवढं बोलले तेवढं उभ्या आयुष्यात कुणाशी बोलले नसतील. मला बाबा मिळाले ते तेव्हा.

एका रविवारी ताई सहज म्हणाली, "बाबा किती छान गेले ना. झोपेत. कुणाला काही करायला लावलं नाही."

माझा घास हातातच राहिला. "ताई, मी त्यांच्या जखमा धुवायचो. तू तुझ्या खोलीचं दार लावून घ्यायचीस, वास सहन व्हायचा नाही म्हणून."

तिनं चिडायला हवं होतं. ती चिडली नाही. "कुणाबद्दल बोलतोयस तू?" तिनं हळूच विचारलं.

"बरं, तळ्यावर जाताना मी कुठे बसायचो ते तरी सांग."

ताई विचारात पडली. गणित सोडवताना डोळे बारीक करते तसे तिनं केले. मग आईकडे वळून म्हणाली, "खरंच गं, हा कुठे असायचा तेव्हा?"

आईलाही आठवेना.

जेवण टाकून मी आतल्या खोलीत गेलो. पलंग आम्ही केव्हाच काढून टाकला होता, पण त्याच्या पायांचे गंजाचे चट्टे फरशीवर राहिले होते आणि मी ते कधी घासून काढले नव्हते. गुडघे टेकून मी भिंतीपासून भिंतीपर्यंत पाहिलं. फरशी नुसती फरशी होती.

दुसऱ्या दिवशी पान्याला गाठून म्हटलं, "ही गाडी आपल्याकडे कशी आली, सांग बरं."

"ट्रेलरवरून. तू आणि मी उतरवली. माझी कंबर अजून साक्ष देते आहे," तो गाडीखालून म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण महिना उलटायच्या आत, गाडीचं ऑइल बदलताना, तोच मान वर न करता म्हणाला, "वडलांची गाडी आहे लेका. विकताना जिवावर येईल तुझ्या." मी शेडच्या बाहेर आलो आणि त्याच दुपारी गाडीचे फोटो काढायला घेतले.

आई खिडकीतून पाहत होती. मी कॅमेरा घेऊन गाडीभोवती फिरतोय हे पाहून ती बाहेर आली.

"विकणार आहेस?"

"माझा धंदाच आहे तो, आई."

"ती गेली तर त्यांचं काय उरेल माझ्याकडे?"

"खरे बाबा उरतील."

"खरे म्हणजे?" तिनं विचारलं. तिला कळलं नाही म्हणून विचारलं, आणि ते मला जास्त लागलं. आईचं हसणं मी हिरावून घेतोय हे मला दिसत होतं. पण त्या हसण्यात मला जागा नव्हती, आणि मी काही साधुसंत नाही.

लिलाव आठवडाभर चालला. लोकांनी नेहमीचे प्रश्न विचारले, थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ मागितला, खालच्या पत्र्याचे आणखी फोटो मागितले. शेवटच्या दुपारी दोघांत चुरस लागली. अखेरच्या क्षणी कुणी बोली लावली की लिलाव संपायची वेळ पुन्हा थोडी पुढे सरकते, तशी ती सरकत राहिली, आणि मी लॅपटॉपसमोर बसून सरकू दिली. गाडी एका बाईंनी घेतली. लगेच त्यांचा फोन आला. न्यायला त्या स्वतः येणार होत्या. "आईलाही आणते बरोबर. आम्ही दोघीच असतो. चालेल ना?"

सकाळी उठलो तर आई नेहमीसारखी ओट्याशी उभी होती. चेहऱ्यावर ना राग ना रडं.

"रागावलीस?" मी विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली आणि खिडकीतून शेडकडे पाहत विचारलं, "ती हिरवी गाडी कुणाची आहे?"

माझ्या छातीवरचा दगड उतरला. तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "आई, बाबांना शेवटी किती त्रास झाला ना."

तिचे डोळे लगेच भरले. "फार झाला. पाठीला जखमा झाल्या होत्या." मी तिच्या खांद्यावर हात ठेवणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "नशीब, एक माणूस मिळाला होता सगळं करायला. फार भला होता. नाव आठवत नाही बघ आता."

मी शेडमध्ये जाऊन बसलो. हाताला काहीतरी काम हवं म्हणून फडकं घेऊन पुसलेलीच काच पुन्हा पुसली. मग ज्या माणसाकडून गाडी घेतली होती त्याला फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी गाडीबद्दल विचारलं.

"कुठली गाडी? आमच्याकडे गाडी नाही."

"तुमच्या भावाशी बोललो होतो मी. त्यांनीच विकली."

"मला भाऊ नाही हो," त्या म्हणाल्या. आवाजात चीड नव्हती, उलट मला मदत करता येत नाही याचं वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं. "मी आणि आई, दोघीच असतो. तुमचा नंबर चुकला असेल."

व्यवहार मोडता येईल का, असं माझ्या मनात आलं. पण मोडून काय करायचं होतं? गाडी राहिली तर तळ्यावर जाणारे बाबा राहणार होते, गेली तर तो भला माणूस. दोन्हीकडे मी नव्हतो. शनिवारी ताईनं मला चहाचा कप दिला आणि विचारलं, "साखर घेता ना?" मी मान हलवली. ताई माझी थट्टा करते आहे अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि चहा संपेपर्यंत तिच्या हसण्याची वाट पाहिली.

रविवारी त्या दोघी टॅक्सीनं आल्या. मी कागद आणि चाव्या घेऊन शेडपाशी उभा होतो. बाई माझ्याच वयाच्या, घाईच्या चालीच्या होत्या. त्यांच्या हाताला धरून त्यांची आई सावकाश उतरली. म्हातारीनं गाडीकडे पाहिलंच नाही. ती सरळ माझ्याकडे आली आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात गरम होते.

"किती वाळलायस रे," ती म्हणाली.

"एक फोन तरी करायचास," बाई मागून म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "ही रोज विचारते, आज येईल का, आज येईल का."

तुमची चूक होते आहे, मी या घरचा आहे, असं मला सांगायचं होतं. आई आणि ताई आवाज ऐकून बाहेर आल्या होत्या, पायरीवर उभ्या होत्या. मी आईकडे पाहिलं. ती बोलेल, म्हणून थांबलो. परक्या माणसांसमोर करते तसा पदर सारखा करून तिनं म्हातारीला नमस्कार केला.

"तुमचा मुलगा का हा?"

"हो ना," म्हातारी म्हणाली. माझा हात तिनं सोडला नव्हता. "तोंडानं काही बोलायचा नाही, पण याच्या वडलांचं सगळं यानं केलं हो. अंथरुणावर होते ते. जखमा धुवायच्या, कुशीवर वळवायचं, सगळं. शिक्षण सोडलं, पण एक दिवस त्यांना एकटं ठेवलं नाही."

हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी किती वर्षं थांबलो होतो, ते मला त्या क्षणी कळलं. बाईंनी माझ्या हातातून चाव्या घेतल्या आणि माझ्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.

आईनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मग माझ्याकडे कौतुकानं पाहत ती ताईला म्हणाली, "मुलगा असावा तर असा."